दशपूरचे सूर्यमंदिर आणि विणकरांचा विसरलेला देव



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा समाजाच्या प्राचीन इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना केली. आपल्या ज्ञातीची उत्पत्ती, देवल ऋषींची कथा, चौंडेश्वरी मातेचा प्रसाद यांविषयी अशा पानांतून वेळोवेळी पुष्कळ लिहिले गेले आहे. तेच पुन्हा दळण्यात हशील नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एका निराळ्याच देवाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. हा देव रोज आपल्या डोक्यावरून जातो. आपल्या मागावरचा ताणा त्याच्याच उन्हात वाळत आला. आणि तरीही त्याची ओळख आपल्याला राहिलेली नाही. मोहाडीस मातेच्या दर्शनाला नवरात्रात दुरून माणसे येतात. महादेव, मारुती, विठ्ठल यांचीही चौकशी होते. परंतु "गुरुजी, येथे सूर्याचे देऊळ कोठे?" असे विचारणारा यात्रेकरू मला माझ्या उभ्या नोकरीत आणि त्यानंतरही भेटलेला नाही.

एके काळी असे नव्हते. एके काळी विणकरांच्या एका मोठ्या संघाने आपल्या कमाईतून देऊळ उभारावयाचे ठरविले, तेव्हा त्यांनी ते महादेवाचे उभारले नाही, विष्णूचे नाही, सूर्याचे उभारले. ती हकीकत दगडावर कोरलेली आहे व तिला साल-तिथी आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी हा देव मुळात कोण होता, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

ऋग्वेदाच्या काळी सूर्य हा एकच देव नव्हता, ते एक घराणेच होते. प्रत्यक्ष बिंबाला सूर्य म्हणत. जगाला कामाला लावणारा तो सविता. करार पाळणारा तो मित्र. हरवलेली गुरे शोधून देणारा, वाटसरूंना सांभाळणारा तो पूषा. गायत्री मंत्र या सवित्याचा आहे, हे तो म्हणणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या ध्यानी नसते. पूषा तर पार पुसला गेला. दक्षाच्या यज्ञात त्याचे दात पाडले गेले आणि त्याला भरडीच्या पेजेवर राहावे लागले, एवढीच त्याची गोष्ट शिल्लक उरली. आपल्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या कवींना रात्र आणि पहाट या दोन बहिणी मागावर बसलेल्या विणकरणींसारख्या दिसल्या. दोघी मिळून एकच ताणलेले वस्त्र विणीत आहेत, अशी ती कल्पना आहे. अथर्ववेदातही सहा खुंट्यांवर ताणलेल्या वस्त्राभोवती फिरणाऱ्या दोन तरुणी येतात. काळाला मागाची उपमा देणाऱ्या त्या माणसांनी माग जवळून पाहिला होता, यात संशय नाही.

आणखी एक कथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. अदितीला आठ पुत्र झाले. सात पुत्रांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठवा तिने दूर टाकला. त्याचे नाव मार्तंड, म्हणजे मेलेल्या अंड्यातून झालेला. पुढे प्रजेच्या जन्मासाठी आणि मरणासाठी तिने त्याला पुन्हा आणले. हाच आपला रोज उगवणारा व रोज मावळणारा सूर्य. ज्या देवाच्या नावातच मरण आहे, त्याचा इतिहासही तसाच घडावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

पुराणांत याहून चमत्कारिक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सबंध विषयाची किल्ली तीत आहे. सूर्याची बायको संज्ञा हिला नवऱ्याचे तेज सोसवेना. तिने आपल्या जागी आपली छाया ठेवली आणि आपण घोडीचे रूप घेऊन रानात निघून गेली. सूर्याला हे कळल्यावर तो सासऱ्याकडे, म्हणजे विश्वकर्म्याकडे गेला. विश्वकर्मा पडला कारागीर. त्याने जावयाला फिरत्या यंत्रावर चढविले आणि कातारी लाकूड तासतो त्याप्रमाणे त्याच्या तेजाचा आठवा भाग तासून काढला. विष्णुपुराण सांगते की, हा कीस वाया गेला नाही. त्यातून विष्णूचे चक्र घडले, शिवाचा त्रिशूळ घडला, कार्तिकेयाची शक्ती घडली. मत्स्यपुराणाची पुस्ती अशी की, पाय तेवढे तासावयाचे राहिले. म्हणून मूर्तिकाराने सूर्याचे पाय उघडे दाखवू नयेत.

कथा रचणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगता येणार नाही. परंतु पुढे इतिहासात घडले ते नेमके हेच. सूर्याचे तेज थोडे थोडे तासले गेले आणि त्याची शस्त्रे दुसऱ्या देवांच्या हाती गेली.

पायांची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. उत्तर हिंदुस्थानातील जुन्या सूर्यमूर्ती पाहाव्यात. अंगात लांब अंगरखा, कमरेला पट्टा आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. आपल्या दुसऱ्या देवांच्या पायांत सहसा बूट नसतात. हा पोषाख थंड मुलुखातून आलेल्या शक-कुशाणांचा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर आपल्या बृहत्संहितेत सूर्यमूर्तीला उत्तरेकडील वेष द्यावा असे सांगतो आणि तिची स्थापना मग नावाच्या पुजाऱ्यांकडून करवावी असेही म्हणतो. हे मग इराणाकडून आलेले. कृष्णाचा मुलगा सांब याला कुष्ठ झाले, ते सूर्योपासनेने बरे झाले आणि त्याने शकद्वीपातून मग ब्राह्मण आणविले, ही कथा भविष्य आणि सांब या पुराणांत आहे. तेव्हा हा देव आपला होता आणि पाहुणाही होता. आपल्या महाराष्ट्रात मात्र या बुटांच्या आधीचे एक शिल्प दाखविले जाते. मावळातील भाजे लेण्यांतील एका विहाराच्या ओसरीत चार घोड्यांचा रथ आहे, रथात पुरुष व दोन स्त्रिया आहेत आणि रथाच्या चाकांखाली राक्षस चिरडले जात आहेत. पुष्कळ विद्वान याला सूर्य म्हणतात; काहींच्या मते तो मांधाता राजा. शिल्प सुमारे दोन हजार वर्षांचे आहे. बौद्ध भिक्षूंच्या निवासात हा देव कसा, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यातील पवनीस १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीचे उत्खनन झाले आणि मोठा स्तूप उघडा पडला. तोवर त्या टेकडीखाली एक सबंध धर्मविश्व निजलेले आहे हे गावकऱ्यांच्या गावीही नव्हते. देवांची जगे अशी एकमेकांच्या अंगणात वाढतात आणि एकमेकांच्या खाली पुरली जातात.

आता मुख्य विषयाकडे येतो. मध्य प्रदेशातील मंदसोर हे गाव अफूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे जुने नाव दशपूर. कालिदासाच्या मेघाला वाटेत जी गावे लागतात त्यांपैकी हे एक. येथे शिवना नदीच्या महादेव घाटावर, पायऱ्यांलगतच्या भिंतीत बसविलेला एक कोरीव दगड गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात संशोधकांना सापडला आणि जॉन फेथफुल फ्लीट या पंडिताने त्याचा पाठ १८८८ साली प्रसिद्ध केला. लेख संस्कृत पद्यात आहे. कवीचे नाव वत्सभट्टी. त्याला हे काव्य करावयास सांगणारा कोणी राजा नव्हता. सांगणारी होती पट्टवायांची श्रेणी. पट्टवाय म्हणजे रेशमी वस्त्र विणणारे आणि श्रेणी म्हणजे त्यांचे मंडळ, आजच्या भाषेत संघ म्हणा.

लेख सांगतो ते असे. हे विणकर मूळचे लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजराताचे. दशपूरच्या राजांचे गुण त्यांच्या कानी आले आणि मुलाबाळांसह, आप्तइष्टांसह, वाटेचे कष्ट सोसून ते तेथे येऊन राहिले. राजाने त्यांना पोटच्या पोरांसारखे वागविले. पुढे जे झाले ते आज वाचताना मन चपापते. त्यांच्यातील काही धनुर्विद्या शिकले. काही कथा सांगण्यात निपुण झाले, काही धर्मचर्चेत रमले, काही ज्योतिषी झाले, काही लढाईत उतरले. आणि काहींनी मात्र आपला विणण्याचा धंदाच उत्तम रीतीने चालू ठेवला. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या यादीत कारकून, मास्तर आणि कंडक्टर एवढेच घालावयाचे राहिले आहे! धंदा सोडलेले आणि धंद्यात राहिलेले असे सगळे तरीही एकाच श्रेणीत होते आणि सर्वांनी मिळून देऊळ बांधले, ही गोष्ट माझ्या मते त्या लेखातील सर्वांत मोलाची आहे.

आपल्या मालाची जाहिरातही त्यांनी कवीकडून करवून घेतली आहे. स्त्री कितीही तरुण असो, गळ्यात सोन्याचा हार, तोंडात विडा, केसांत फुले असोत, रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावाचून ती प्रियकराच्या भेटीला जात नाही, अशा आशयाचा श्लोक देवळाच्या शिलालेखात आहे. देवासमोर असे लिहावे का, असा प्रश्न आजच्या सोवळ्या माणसाला पडेल. त्या विणकरांना तो पडला नाही.

त्या वेळी गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त राज्य करीत होता आणि दशपूरचा कारभार विश्ववर्म्याचा मुलगा बंधुवर्मा याच्याकडे होता. मालव संवताची ४९३ वर्षे झाल्यावर, पौष शुद्ध त्रयोदशीस देवळाची प्रतिष्ठा झाली. आपल्या गणतीने तो इसवी सन ४३६-३७ चा हिवाळा. देऊळ उंच शिखरांचे, डोंगरासारखे होते, असे कवी म्हणतो. मुहूर्त थंडीचा आहे आणि ऊन हवेसे वाटावे असे ते दिवस आहेत, याचेही वर्णन त्याने केले आहे. मागावर बसणाऱ्याला हे सांगावयास नको. पहाटे गल्लीत ताणा ताणून खळ लावावयाची, पांजणी करावयाची, तर ऊन कोवळे असावे लागते. कडक झाले तर सूत तडकते, मुळीच नसले तर ओले राहून कुजते. पावसाळ्यात आभाळ झाकले की पांजणी खोळंबते आणि चूल थंडावते. तसरीचा कोसाही उन्हात वाळवूनच आतला किडा मारीत. त्या लोकांनी सूर्यच का निवडला, याचे कारण लेखात दिलेले नाही. परंतु ज्याच्या वाडवडिलांनी पांजणी केली आहे त्याला ते शोधण्यासाठी ग्रंथालयात जावे लागू नये.

धंद्याच्या मंडळांनी देवाशी असा व्यवहार करणे त्या काळी सर्वत्र होते. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले होते. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले आणि त्यातून भिक्षूंचा वस्त्रांचा वगैरे खर्च चालावयाचा होता. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात महाराष्ट्रातील विणकर हे पेढीवाले होते आणि राजाचा जावई त्यांच्यावर विश्वास टाकीत होता. तसेच आजच्या उत्तर प्रदेशातील इंदोर गावी इसवी सन ४६५ चा ताम्रपट मिळाला, त्यात सूर्याच्या देवळातील दिव्यासाठी तेल पुरविण्याचा पत्कर तेल्यांच्या श्रेणीने घेतलेला आहे. सूर्यापुढे दिवा लावावा लागतो, ही गंमत त्यांच्याही ध्यानी आली असेल!

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. दशपूरचे हे पट्टवाय म्हणजे आपलेच पूर्वज, असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही. लाट देशातून दशपूर आणि दशपुराहून वैनगंगेचे खोरे, अशी रेघ नकाशावर सहज ओढता येते. ज्ञातींच्या इतिहासांत अशा रेघा पुष्कळ ओढल्या गेल्या आहेत आणि त्यांनी कोणाचेही भले झालेले नाही. नाते रक्ताचे असो वा नसो, धोट्याचे आहे, तेवढे मला पुरे. तरी देवांगपुराणातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. देवल ऋषीची सोयरीक सूर्याच्या घरी झाली, असे त्यात सांगितले आहे. विणकराचा मूळ पुरुष आणि सूर्य यांना पाहुणे-राऊळे करणाऱ्या माणसाला हा जुना संबंध आठवत असला पाहिजे.

प्रतिष्ठेनंतर छत्तीस वर्षांतच त्या देवळाचा एक भाग ढासळला. मधल्या काळात दुसरे राजे आले आणि गेले, एवढेच लेख सांगतो. श्रेणी मात्र टिकून होती. तिने मालव संवत ५२९ मध्ये, फाल्गुन शुद्ध द्वितीयेस, म्हणजे इसवी सन ४७३ च्या सुमारास, देवळाचा जीर्णोद्धार केला आणि त्याच वेळी हा लेख कोरविला. तेथे श्रेणीची हकीकत संपते. आज मंदसोरात ते देऊळ नाही. गाव आज ओळखले जाते ते पशुपतिनाथाच्या नावाने. तेथील आठ मुखांचे प्रचंड शिवलिंग १९४० साली याच शिवना नदीत सापडले. सूर्याच्या देवळाचा दगड महादेवाच्या घाटाला लागला आणि गाव महादेवाचे झाले.

हा देव मागे का पडला? एक उत्तर असे दिले जाते की, त्याची देवळे परक्यांनी पाडली. ते काही अंशी खरे आहे. मुलतानची प्रसिद्ध सूर्यमूर्ती दहाव्या शतकात फोडली गेली. काश्मीरचे ललितादित्याने बांधलेले मार्तंड मंदिर पुढे उद्ध्वस्त झाले. परंतु देवळे महादेवाचीही पडली आणि विष्णूचीही पडली. ती पुन्हा उभी राहिली, सूर्याची राहिली नाहीत, हा खरा प्रश्न आहे. गुजरातेतील मोढेऱ्याचे देऊळ इसवी सन १०२६-२७ चे, ओरिसातील कोणार्क तेराव्या शतकाचे. दोन्ही पाहावयास जग लोटते, पण पूजा एकातही होत नाही. आपल्या कोकणात रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीचा कनकादित्य आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळ्याचा आदिनारायण आहे. कशेळी गावासंबंधी शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट आहे. मूर्ती काठेवाडाकडून गलबतातून आली, गलबत अडले म्हणून व्यापाऱ्याने ती किनाऱ्यावरील गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, अशी तेथील दंतकथा आहे. पूजा तेथे आजही चालू आहे, उत्सव होतो. तरी महाराष्ट्रातील किती घरांना या देवाचे नाव ठाऊक आहे?

माझ्या अल्प बुद्धीला असे वाटते की, सूर्य पडला नाही, तो वाटला गेला. खंडोबाचेच पाहा. तो शिवाचा अवतार; पण त्याचे नाव मार्तंड भैरव, त्याचा वार रविवार आणि त्याच्यावर उधळावयाची ती सोन्यासारखी पिवळी हळद. (तिला भंडारा म्हणतात म्हणून आपल्या जिल्ह्याच्या नावाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह कोणी करू नये.) सूर्याचे नाव, वार आणि रंग असे तिन्ही खंडोबाकडे गेले. उरलेले विष्णूकडे गेले. म्हणून आपण नुसते सूर्य न म्हणता सूर्यनारायण म्हणतो. ब्राह्मणांच्या पंचायतनात त्याला पाचांतला एक कोपरा मिळाला. ज्ञानेश्वर महाराजांनी सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्गुरूलाच सूर्य करून त्याला वंदन केले, आणि पसायदानात सज्जनांना सूर्याची उपमा देताना त्याचा ताप काढून घेतला. विश्वकर्म्याने यंत्रावर चढवून जे केले तेच शके १२१२ मध्ये नेवाशास शब्दांनी झाले. सूर्य उपमेला उरला. यात दुःख मानण्याचे कारण नाही, पण उपमेला कोणी देऊळ बांधीत नाही.

परदेशांतही हीच कथा. रोमच्या ऑरेलियन बादशहाने इसवी सन २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचे भव्य मंदिर बांधले. कॉन्स्टंटाइनाने ३२१ मध्ये सूर्याचा वार सुटीचा ठरविला. देव गेला, वार राहिला. तो वार इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला; पण गिरणी कामगारांना तो फुकट मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण तेव्हा पुढे केले गेले होते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली निघाल्यावर मागावरचे कितीतरी कोष्टी तिच्या सांच्यांवर गेले. छपराखाली, विजेच्या उजेडात काम करणाऱ्या विणकराला सूर्याची गरज तेव्हाच संपली. आज ती मिलही नाही.

एका ठिकाणी मात्र हा देव अजून माणसासारखा चालताबोलता आहे. ते ठिकाण म्हणजे बायकांच्या तोंडची आदित्य राणूबाईची कहाणी. या कहाणीत सूर्यनारायण मळ्यातला माळी होऊन वाटेवर उभा राहतो. ज्या राणीने बापाच्या तोंडून कहाणी ऐकावयास नकार दिला, तिच्या मुलाच्या हातचा मोहरांनी भरलेला कोहळा तो काढून घेतो. शेवटी तोच देव जेवावयास येतो. तीन लोक उजळणारा सूर्य पाटावर बसतो, पहिला घास घेतो आणि घासात केस निघतो! कोणा पापिणीचा केस, म्हणून तो रागावतो. रविवारी वळचणीखाली बसून केस विंचरल्याचा तो दोष. वेदांतला सविता, दशपूरच्या उंच शिखरांखालचा देव शेवटी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ताटात केस निघाला म्हणून रुसतो, यात काहींना हसू येईल. मला त्यात फार मोठी आपुलकी दिसते.

राणूबाई कोण, याचा उलगडा अभ्यासकांनी केला आहे. मगांच्या परंपरेत सूर्याच्या एका बायकोचे नाव राज्ञी. राज्ञीची झाली राणी आणि राणीची राणूबाई. गुजरातेत ती रांदल झाली, नेमाडात गणगौरीच्या सणाला ती धणियर राजाबरोबर, म्हणजे सूर्याबरोबर पुजली जाते, खानदेशात कानबाईच्या जोडीला तिचे नाव ऐकू येते. नवऱ्याची देवळे गेली, पण बायकोचे नाव बायकांनी हजार-दीड हजार वर्षे सांभाळले. आणि व्रताचा विधी काय? सहा सुतांचा तातू करावा, त्याला सहा गाठी द्याव्यात. देवळाच्या दगडावरून जे पुसले गेले ते सुताच्या गाठीत राहिले.

हे व्रत आपल्याकडे कोणी करते का, याची मी चौकशी केली. कोष्टीपुऱ्यातील एका नव्वदीच्या आजींना कहाणी येत होती. त्यांचे माहेर वऱ्हाडातले. मी विचारले, "आजी, ही राणूबाई कोण?" त्या म्हणाल्या, "सूर्यनारायणाची बायको नाही का, गुरुजी!" जे पंडितांना शब्दांची व्युत्पत्ती लावून काढावे लागले, ते त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. "सुनांना शिकविली का?" म्हटल्यावर त्या हसल्या. "आता आयकाले कोन बसते?" मी दोन रविवार जाऊन कहाणी उतरवून घेतली. छापील पोथीहून ती चार ठिकाणी निराळी आहे. तातूचे सूत मागाच्या फणीतून उरलेल्या दशीचे असावे, असे त्यांच्या सासूने सांगितले होते; हे मला कोणत्याही पोथीत मिळाले नाही. म्हणजे व्रत वऱ्हाडातून आले आणि मोहाडीच्या मागावर येऊन आपले झाले. ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवण्यासाठी चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. ज्यांच्या घरी अशा वृद्ध स्त्रिया आहेत त्यांनी हे काम पुढच्या अधिवेशनावर टाकू नये. मी दुसऱ्या एका घरी गेलो तेव्हा तेथील आजींना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

मोहाडी आणि आंधळगाव येथे कोशाचे माग अजून वाजतात, पण पूर्वीसारखे नाहीत. पांजणीची गल्ली मोटारसायकली उभ्या करण्याची झाली. मुले शिकली, बाहेर पडली, हे चांगलेच झाले. दशपूरची मुले धनुर्विद्या शिकली तेव्हा त्यांच्या बापांनाही ते चांगलेच वाटले असेल. रथसप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालणारी काही घरे अजून आहेत. रथाची रांगोळी काढताना सात घोडे कोणाला साधत नाहीत, म्हणून सात रेघा ओढतात. शाळांतून सूर्यनमस्कार होतात, तेही औंधच्या पंतप्रतिनिधींनी व्यायाम म्हणून प्रचार केला तेव्हापासून. बारा नमस्कारांना बारा नावे म्हणतात, त्यांत मित्र आहे, पूषा आहे, सविता आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ती नावे वर्षानुवर्षे कवायतीच्या आकड्यांसारखी म्हटली.

वत्सभट्टीच्या लेखाच्या अखेरीस आशीर्वचन आहे. असल्या लेखांत तसे ते असतेच. देऊळ अक्षय राहो, असे म्हणताना कवीला कशाची तरी मुदत द्यावी लागते. सूर्याचे देऊळ असल्यामुळे सूर्य आकाशात आहे तोवर, असे म्हणावयास हरकत नव्हती. परंतु त्याने तसे म्हटले नाही. शंकर जटेवर चंद्रकोर धरीत आहे आणि विष्णू खांद्यावर कमळांची माळ मिरवीत आहे, तोवर हे देऊळ टिको, असे त्याने लिहिले, आणि श्रेणीने तेच दगडावर कोरविले.